मुख्य इंजिनियरचा कुत्रा

रेल्वेमार्ग म्हणजे माणसाने माणसावर टाकलेल्या विश्वासाचा लोखंडी पुरावा होय. हे वाक्य आमच्या स्टेशनमास्तरांचं. ते त्यांनी आजवर इतक्यांना ऐकवलंय की आता गावात लहान मूल बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे वाक्यही म्हणतं. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. आमची लाईन ज्या ठेकेदाराने टाकली त्याला मैलाच्या हिशेबाने पैसे मिळायचे. त्यामुळे सपाट माळावरून सरळ नाकासमोर जाऊ शकली असती अशी ही लाईन आमच्या स्टेशनाअलीकडे एकदम बिचकल्यासारखी डावीकडे वळते, कशालाही वळसा न घालता भलंमोठं वळण घेते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत जागेवर येते. स्टेशन कुठे असावं यावरून त्या काळी दोन गावांत भांडण झालं. निकाल असा लागला की स्टेशन दोन्ही गावांपासून सारखंच लांब बांधायचं. न्याय म्हणतात तो यालाच.

तर या स्टेशनात एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीला गज. खोलीत एक टेबल आणि टेबलावर एक काळा, जड फोन. जगातल्या बाकीच्या फोनसारखा तो नव्हता. तो फक्त एकाच ठिकाणी लागायचा, लाईनवरच्या पुढच्या स्टेशनात. तिथेही असंच टेबल, असाच फोन आणि त्यामागे दुसरे स्टेशनमास्तर. आमच्याकडे सगळे त्यांना ‘पलीकडचे’ म्हणत. त्यांच्याकडे आमच्या मास्तरांना काय म्हणत हे आम्हाला नंतर कळलं, तो भाग पुढे येईल.

एकेरी लाईनचा कारभार साधा असतो. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. म्हणून गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, लाईन मोकळी आहे का. त्याने मोकळी म्हटलं तरच सोडायची. आणि गफलत नको म्हणून नियम असा, की ऐकणाऱ्याने निरोप शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा.

“डाउन पॅसेंजर सोडतोय.”

“डाउन पॅसेंजर सोडताय.”

“लाईन मोकळी?”

“लाईन मोकळी.”

परत म्हटलं की पक्कं. त्या परत म्हटलेल्या शब्दाच्या जोरावर गाडीभर माणसं निर्धास्तपणे डबे उघडून खायला बसतात. दिवसाला गाड्या मोजक्याच. त्यांतली एखादी मालगाडी, जी येईल म्हणून सांगतात. उरलेला सगळा दिवस फोनच्या दोन टोकांना दोन माणसं बसलेली. बोलणार नाहीत तर काय करतील?

पंचवीसेक वर्षं ते बोलले. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झाली नाही. एकाला रजा मिळाली की दुसऱ्याची अडायची. पण आमच्या मास्तरांना पलीकडच्यांचा खोकला ओळखू यायचा. आज तो सर्दीचा आहे की बायकोशी वाजल्याचा आहे, हेही कळायचं. पलीकडच्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं तेव्हा आमचे मास्तर दोन रात्री जेवले नाहीत. आमच्या मास्तरांना कावीळ झाली तेव्हा पलीकडचे रोज फोनवरून पथ्य सांगायचे आणि नियमाप्रमाणे परत म्हणून घ्यायचे. “तेलकट बंद.” “तेलकट बंद.” “मागच्या दाराने पण बंद.” यावर आमचे मास्तर गप्प. “परत म्हणा, मास्तर!” 

मास्तरांची बायको स्वयंपाकघरातून हे ऐकायची. क्वार्टर ऑफिसला चिकटून. मधली भिंत नावापुरती. “माझ्याशी एवढं बोलला असतात,” ती म्हणायची, “तर संसार झाला असता.”

मास्तरांचा कॉलेजात विषय इतिहास होता आणि पुढे आयुष्यात त्याने त्यांचं काहीएक वाकडं केलं नव्हतं. एका रिकाम्या दुपारी त्यांनी पलीकडच्यांना आपल्या लाईनचा इतिहास सांगायला घेतला. नोंद कुठे काही ठेवायची नाही, सगळं तोंडी. आणि तोंडी म्हटल्यावर नियम आलाच: एकेक वाक्य सांगायचं, पलीकडच्यांनी परत म्हणायचं, चुकलं तर दुरुस्त करून पुन्हा म्हणायचं.

लाईनचा खरा इतिहास दोन दुपारींत संपला. ठेकेदार, मैलाचा हिशेब, दोन गावांचं भांडण, एकदा आलेला पूर. पलीकडून आवाज आला, “बस? एवढंच?”

त्या ‘एवढंच’मध्ये एवढी निराशा होती की मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. माणूस कान देऊन बसलाय आणि आपण त्याला ठेकेदार वाढतोय! दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकून घसा साफ केला आणि म्हणाले, “काल एक गोष्ट राहिली. मुख्य इंजिनियरचा कुत्रा.”

“मुख्य इंजिनियरचा कुत्रा,” पलीकडचे लगेच म्हणाले.

असा तो कुत्रा जन्माला आला. रंगाने तांबूस. एक कान फाटलेला. लाईनची आखणी चालू असताना तो साहेबांच्या पुढे पुढे चालायचा आणि जिथे बसेल तिथे खुंटी ठोकायची, असा साहेबांचा शिरस्ता. आमच्या स्टेशनाजवळ ऐन उन्हात तो बसला तो उठलाच नाही. साहेबांनी त्याला तिथेच पुरलं. दुसऱ्या दिवशी रूळ नेमके त्या जागेवरून जायचे होते. साहेब खुर्चीतून उठले, टोपी काढली आणि म्हणाले, “ज्याने आम्हाला वाट दाखवली, त्याच्या छातीवरून रूळ जाणार नाहीत.” आणि लाईन वळवली. ते हे वळण.

“ज्याने आम्हाला वाट दाखवली,” पलीकडचे म्हणाले, “त्याच्या अंगावरून—”

“छातीवरून.”

“छातीवरून रूळ जाणार नाहीत.” मग नाक शिंकरल्याचा आवाज. “मास्तर, इतकी वर्षं गाड्या सोडतोय हो त्या वळणावरून. एका शब्दाने बोलला नाहीत.”

आमच्या मास्तरांच्या बोलण्याने आजवर कोणी रडलं नव्हतं. बायको रडली होती, पण त्याची कारणं वेगळी. त्यामुळे ते विरघळले. पुढची काही वर्षं कुत्रा वाढतच गेला. त्याने पुरात एका मजुराला ओढून काढलं, ठेकेदाराची चोरी पकडली, मुख्य इंजिनियरचं मोडलेलं लग्न जुळवलं. सगळं पलीकडच्यांनी शब्दाला शब्द परत म्हटलं.

“अहो,” भिंतीपलीकडून बायको एकदा म्हणाली, “परवापर्यंत तो काळा होता.”

“तांबूसच होता.”

“काळा होता. मी चपात्या लाटत होते, मला आठवतंय. आणि असा कुत्रा खरंच असता तर तुमच्या जागी त्याला नाही का नेमला त्यांनी?”

सगळं असं सुखात चालू असताना खात्याचा हुकूम आला. लाईन तोट्यात आहे. एवढ्याशा अंतरात दोन स्टेशनं परवडत नाहीत. एक बंद होणार. जे राहील त्याला ‘वारसा स्थानक’ करणार, रंग देणार, लोकांना बघायला आणणार. कुठलं ठेवायचं हे एक समिती ठरवेल. समिती दोन्ही मास्तरांना पलीकडच्या स्टेशनात एकत्र बोलावून प्रत्येकाकडून स्टेशनाचा इतिहास ऐकेल.

स्टेशन गेलं तर आमच्या मास्तरांची बदली जंक्शनच्या पार्सल ऑफिसात. तिथला मुख्य कारकून म्हणजे त्यांनीच कधीकाळी शिकवून तयार केलेला उमेदवार, ज्याला त्यांनी ‘गाढवा’ याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. बायकोने क्वार्टरमागे वाढवलेली लिंबाची झाडं मागेच राहणार. ती सासरी आली ती थेट या स्टेशनात. दुसरं घर तिने पाहिलेलंच नाही. पलीकडचं स्टेशन गेलं तर पलीकडच्यांचं हेच सगळं होणार, हेही मास्तरांना कळत होतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

त्यांनी फोन उचलला.

“मास्तर, आलाय तुमच्याकडे हुकूम?”

“आलाय.”

“आपल्याला कोंबड्यांसारखं झुंजवायचं ठरवलंय या लोकांनी. ऐका. आपण झुंजायचंच नाही. तुम्हीही इतिहास सांगायचा नाही, मीही नाही. दोघांनी एकच वाक्य म्हणायचं: दोन्ही स्टेशनं लागतात, एकही बंद करू नका. मग बघू काय करतात ते. परत म्हणा.”

“तुम्हीही इतिहास सांगायचा नाही, मीही नाही,” पलीकडचे म्हणाले. आवाज जरा जड होता. “दोन्ही स्टेशनं लागतात, एकही बंद करू नका.”

“पक्कं?”

“पक्कं.”

मास्तर फोन ठेवून चहा प्यायला घरात आले ते शीळ घालत.

“झालं?” बायको म्हणाली.

“झालं. त्यांनी परत म्हटलं.”

“पोपटही म्हणतो.”

“तुला रेल्वेतलं कळत नाही. परत म्हटलेल्या शब्दावर मी इतकी वर्षं गाड्या सोडतोय. एक तरी धडकली?”

“गाडी धडकली असती तर त्यांची नोकरी गेली असती,” बायको कपात साखर ढवळत म्हणाली. “यात तुमची जाते.”

आमच्या स्टेशनावरचा खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, ज्याला दिवसाढवळ्याही हातातला कंदील खाली ठेवायची सवय नसल्याने सगळे कंदीलच म्हणतात, दारात उभा होता. तो म्हणाला, “वहिनी, तसं नाही. पलीकडचे साहेब सोन्यासारखे आहेत.”

“तू बघितलंस त्यांना?”

“नाही. पण मास्तरांच्या रजेत येणारे बदली साहेब सांगत होते.”

“सोनं बघूनच घ्यावं,” बायको म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी बदली मास्तर आले आणि आमचे मास्तर इस्त्रीचा कोट चढवून, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतः सोडलेल्या गाडीत स्वतः बसले. पलीकडच्यांसाठी त्यांनी लिंबं नेली होती. आयुष्यभराच्या मित्राला पहिल्यांदा भेटायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? पिशवी मांडीवर धरून ते वाटेत ठरवत होते की हात मिळवायचा की मिठी मारायची. गणवेशात मिठी बरी दिसत नाही, इतपत त्यांचा विचार झाला होता तेवढ्यात स्टेशन आलं.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला, कडुनिंबाखाली, चुना मारलेला एक ओटा होता. त्यावर एक दगड उभा केलेला. दगडावर कोरलं होतं: “मुख्य इंजिनियरच्या इमानी कुत्र्याची चिरविश्रांती.” दगड नवा होता. चुना तर ओलाच होता.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना खरोखर आनंद झाला. वाटलं, मित्राने आपल्या कुत्र्याचं स्मारक केलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लिंबांची पिशवी एकाएकी जड झाली.

तेवढ्यात पलीकडचे ऑफिसातून बाहेर आले. आवाजावरून ते धिप्पाड वाटायचे. प्रत्यक्षात लहानखुरे, टक्कल पडलेले गृहस्थ निघाले. चष्मा एका कानाला दोऱ्याने बांधलेला. मास्तरांना त्यांनी लगेच ओळखलं. ओळखलं म्हणूनच ते दगडाकडे बघायला लागले.

“आलात,” ते दगडाला म्हणाले.

“आलो,” मास्तर म्हणाले. “हे काय?”

“चला आत. साहेब आलेत.”

आत टेबलामागे समिती होती. मधे मोठे साहेब, ज्यांना सगळं लवकर हवं होतं. बाजूला विद्यापीठातून आलेल्या इतिहासाच्या बाई, ज्यांना काहीही लवकर नको होतं. आणि एक टिपणं घेणारा, त्याला काय हवं होतं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

“हं, बोला,” साहेब म्हणाले. “ज्यांचं स्टेशन ते आधी.”

पलीकडचे उठले. भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. आणि आमच्या मास्तरांच्या आवाजात बोलायला लागले. वाक्यं मास्तरांची होतीच. थांबायच्या जागाही मास्तरांच्या होत्या. कुत्रा पुरल्यावर मास्तर नेहमी एक आवंढा गिळत. पलीकडच्यांनी तिथे आवंढा गिळला. गोष्ट सुरू करण्याआधी मास्तर खोकत असत, तर पलीकडच्यांनी तो खोकलाही सोडला नाही. पाठांतरात एक चूक नव्हती. कुठून असणार? प्रत्येक वाक्य मास्तरांनी स्वतः तपासून घेतलं होतं.

“साहेब खुर्चीतून उठले,” पलीकडचे म्हणाले, “टोपी काढली आणि म्हणाले, ज्याने आम्हाला वाट दाखवली, त्याच्या छातीवरून रूळ जाणार नाहीत.”

टिपणं घेणाऱ्याची पेन्सिल थांबली. बाईंनी चष्मा काढून पुसला. ज्या वाक्यासाठी मास्तरांनी एक अख्खी दुपार ‘अंगावरून’ आणि ‘छातीवरून’ यांचा खल केला होता, ते वाक्य जिंकताना ते बाजूच्या खुर्चीत बसून बघत होते.

“पण एक शंका,” बाई म्हणाल्या. “वळण तर त्या तिकडच्या स्टेशनाजवळ आहे. तुमच्याकडे लाईन अगदी सरळ आहे.”

मास्तरांनी मान वर केली. आता सापडला!

“बरोबर, बाई,” पलीकडचे म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं; बहुधा आयुष्यातलं पहिलंच. “तिकडे लाईन वाकडी आहे कारण तिकडे कुत्रा नव्हता. इथे होता. सरळमार्गी जनावर. म्हणून साहेबांनी इथून पुढे लाईन नाकासमोर नेली. थडगं रुळांच्या बाजूला आहे, बघून घ्या.”

“वा,” बाई म्हणाल्या आणि खरंच खिडकीतून बघून घेतलं.

“तुमचं काय?” साहेबांनी आमच्या मास्तरांना विचारलं.

मास्तर उठले. ठरलेलं वाक्य होतं: दोन्ही स्टेशनं लागतात. ते तोंडात आलंही होतं. पण बोलण्याआधी त्यांनी पलीकडच्यांकडे बघितलं. निदान आता तरी मान वर करतील. पलीकडचे बुटाच्या नाडीत काहीतरी शोधत होते.

“तो कुत्रा आमच्याकडचा आहे,” मास्तर म्हणाले.

“पुरावा?”

पंचाईत आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ते हे. कुत्रा खरा म्हणावा तर त्याचं थडगं इथे, चुन्यासकट. खोटा म्हणावा तर आपण इतकी वर्षं खोटं बोललो हे सरकारी समितीपुढे, बुटांसकट उभं राहून सांगायचं. मास्तरांनी इस्त्रीच्या कोटाचं वरचं बटण सोडलं.

“पुरावा मीच. तो मी रचलाय. असा कुत्रा कधी नव्हताच. मी यांना फोनवरून सांगितला आणि यांनी तो चोरला.”



“नसलेला कुत्रा चोरला?” साहेबांनी विचारलं.

“होय.”

“तुमच्याकडून?”

“होय.”

“साहेब,” पलीकडचे नम्रपणे म्हणाले, “हे आमचे जुने स्नेही आहेत. त्यांचं स्टेशन जातंय. मनावर घेऊ नका. आमच्याकडे यांना सगळे प्रेमाने ‘बंडलबाज’च म्हणतात.”

मास्तरांना पहिल्यांदाच कळलं की लाईनच्या त्या टोकाला आपलं नाव काय आहे.

बाईंनी हात वर केला. “एक मिनिट. हे फार महत्त्वाचं आहे. दोन स्टेशनं एका कुत्र्यावर हक्क सांगताहेत. एक म्हणतंय आमचा, दुसरंही म्हणतंय आमचा, आणि हक्क मिळत नाही म्हटल्यावर म्हणतंय, तो नव्हताच. नसलेल्या कुत्र्यासाठी कोणी एवढं भांडत नाही. माझ्या मते याने कुत्रा सिद्ध होतो.”

“लिहा,” साहेब टिपणं घेणाऱ्याला म्हणाले. आणि घड्याळाकडे बघून, “चहा झाला की निघू या.”

परतीच्या गाडीला वेळ होता. मास्तर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले. थडग्याकडे पाठ करून बसायचं तर दुसरा बाक नव्हता. थोड्या वेळाने पलीकडचे येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. समोरासमोर बोलायची दोघांनाही सवय नव्हती. म्हणून दोघंही रुळांकडे बघत बोलले. ते जरा सोपं गेलं.

“मुलगी परत आलीय माझी,” पलीकडचे म्हणाले. “कायमची. दोन पोरं घेऊन. तुम्हाला सांगितलं नाही.”

“सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःच म्हणाला असतात, तुमचं स्टेशन ठेवा, माझं जाऊ द्या. म्हणाला असतात की नाही?”

मास्तरांनी विचार केला. “म्हणालो असतो.”

“मग उपकार झाले असते. जन्मभर रोज फोनवर ऐकायचे. त्यापेक्षा हे बरं.”

“केसाने गळा कापलात, मास्तर. आणि केसही माझाच.”

पलीकडच्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

“एक सांगा,” मास्तर म्हणाले. “मी निरोप दिला. तुम्ही परत म्हटलात. शब्दाला शब्द. पक्कं म्हणालात.”

“म्हणालो ना.” पलीकडच्यांनी चष्म्याचा दोरा कानामागे सरळ केला. “परत म्हणायचा नियम आहे. पाळायचा नियम गाड्यांपुरता आहे.”

सिग्नल पडला. परतीची गाडी येत होती; ती पुढे सोडायची तर आमच्याकडच्या बदली मास्तरांना लाईन मोकळी आहे का ते विचारायला हवं होतं. पलीकडचे उठून फोनकडे गेले. काही झालं तरी ते काम त्यांना करावंच लागणार होतं. आमच्या मास्तरांनी लिंबांची पिशवी बाकावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. ती पलीकडच्यांसाठी ठेवली की नुसती विसरली, हे त्यांनी बायकोलासुद्धा नीट सांगितलं नाही.

“कसे आहेत दिसायला?” बायकोने विचारलं.

“बुटके.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. एरवी ती एवढ्यावर थांबली नसती. पण तिने मास्तरांचा कोट घेतला, झटकला, खुंटीला लावला आणि त्या संध्याकाळी पोपटाचं नावही काढलं नाही. मास्तरांना हे सगळ्यांत जास्त झोंबलं.

त्यानंतर महिनाभर दोन्ही स्टेशनांत फक्त कामाचं बोलणं झालं. “लाईन मोकळी?” “लाईन मोकळी.” आणि फोन खाली. कावीळ नाही, मुलगी नाही, हवापाणी नाही. गाड्या पूर्वीसारख्याच वेळेवर, म्हणजे उशिरा, धावत होत्या. एकही धडकली नाही. माणसाचा विश्वास उडाला तरी लाईनचं काही अडत नाही, हे मास्तरांच्या हळूहळू लक्षात आलं, आणि लोखंडी पुराव्याचं ते वाक्य त्यांनी बंद केलं. रिकाम्या दुपारी ते टेबलाशी बसायचे, फोनकडे बघायचे आणि मधूनच घसा साफ करायचे. पुढे काही यायचं नाही. भिंतीपलीकडे बायकोचं लाटणं थांबायचं, वाट बघायचं आणि परत सुरू व्हायचं.

निकाल आला. पलीकडचं स्टेशन राहिलं. आमचं बंद. मास्तर जंक्शनला, गाढवाच्या हाताखाली.

सामान बांधून झालं त्या दिवशी खात्याची एक लांबलचक बस आली. आमच्या स्टेशनातली घंटा, लाकडी बाक, वजनकाटा आणि तो काळा फोन काढून पलीकडे न्यायचं होतं. वारसा म्हणून मांडायला. फोनची तार कंदीलने कापली. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात, भर उन्हात, कंदील.

“जपून न्या,” मास्तर ड्रायव्हरला म्हणाले. “तिकडे त्या कुत्र्याशेजारी मांडतील.”

“कुठला कुत्रा?” ड्रायव्हरने विचारलं.

“ज्याच्यामुळे ते स्टेशन निवडलं तो.”

ड्रायव्हर हसला. घाम पुसून म्हणाला, “अहो मास्तर, स्टेशन केव्हाच निवडलं होतं. सुनावणीच्या महिनाभर आधी. साहेबांनी मलाच तर पाठवलं होतं, ही बस घेऊन, दोन्हीकडे बघून ये म्हणून. आल्या आल्या मी सांगितलं, आणि साहेब म्हणाले, ठीक, मग तेच.”

“काय सांगितलंस?”

“हेच. लोकांना बघायला बसनेच आणणार ना. आणलेली बस वळायला नको का?”

“मग सुनावणी कशाला घेतली?” बायकोने दारातून विचारलं.

“पत्रं गेली होती, वहिनी. चहाही सांगितला होता.”

तो चाकामागे बसला. पलीकडच्या स्टेशनापुढे बस एका दमात वळते. आमच्याकडे ती दोनदा मागे घ्यावी लागली.